लाइटबिल कोण भरणार? लातूरच्या एका मोफत सॉफ्टवेअरचं प्रकरण

औसा तालुक्यातल्या एका गावात २०२३ च्या जानेवारीत सप्ताह झाला. काल्याच्या कीर्तनानंतर आठवड्याभरात जमाखर्चाचं पत्रक छापून निघालं आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरलं. ग्रुपवरच्या पत्रकात एक ओळ होती: ‘आचार्यांना मानधन, ११,००० रु.’ कीर्तनकारांची पाकिटं वर वेगळी दाखवलेली, मृदंगाचार्यांचं मानधनही वेगळं. मग हे आचार्य कोण? मृदंगवाल्याला दोनदा पैसे दिले की काय? पारावर चर्चा सुरू झाली. छापील पत्रकात मात्र ‘आचाऱ्यांना’ असं नीट होतं, त्यामुळे संशय मिटायच्या ऐवजी वाढला. कागदावर एक आणि मोबाइलवर दुसरं, म्हणजे नक्कीच काहीतरी शिजलंय.

शिजलं होतं ते महाप्रसादाचं वरण. पैसे स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचे होते. डीटीपीवाल्यानं जुन्या फॉन्टात बरोबर टाइप केलं होतं, ग्रुपवर टाकण्यासाठी युनिकोड, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर दिसणारं मराठी, करताना ‘ऱ्या’चा ‘र्या’ झाला. ज्या कन्व्हर्टरनं तो केला तो लातूरचा, मोफत, ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना उघडा. त्याचा जमाखर्च मी ठेवतो. मी स्वतः प्रोग्रामर नाही, गंजगोलाईजवळ एका कर सल्लागाराच्या ऑफिसात रिटर्न भरण्याचं काम करतो. म्हणून हे प्रकरण कोडच्या बाजूनं कमी आणि वहीच्या बाजूनं जास्त लिहिलं आहे.

कन्व्हर्टर कशाला लागतो

मराठवाड्यातल्या बऱ्याच डीटीपीच्या दुकानांत अजून पेजमेकर हे पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर चालतं, आणि पेजमेकरला युनिकोड मराठी झेपत नाही. मग श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख असे जुने फॉन्ट. या फॉन्टांत आत साठवलेलं अक्षर इंग्रजीच असतं, वर फक्त मराठीचा मुखवटा. कृतिदेवमधला ‘भारत’ फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला तर एच, के, के, जे, आर अशी रांग दिसते. लग्नपत्रिका, साप्ताहिकाचा मजकूर, वकिलांचं ‘जाहीर प्रगटन’, सगळं असंच पडून असतं. छापायला चालतं. मोबाइलवर पाठवायचं, वेबसाइटवर टाकायचं किंवा चार वर्षांनी त्यात एखादं नाव शोधायचं म्हटलं, की अडलं.

एका अक्षराच्या जागी दुसरं ठेवलं की झालं, असं वाटतं. तसं नसतं. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलट. शिवाय वर्डनं ‘वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल’ म्हणून आपल्या मनानं केलेली दुरुस्ती निस्तरायची असते, कारण मुखवट्याआडचं इंग्रजी अक्षर बदललं की वरचं मराठी अक्षरही बदलतं.

ज्यांनी हे लिहिलं त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही तेच म्हणतो. ते एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतात, आणि त्याआधी त्यांचं स्वतःचं डीटीपीचं दुकान होतं. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा, लग्नं पुढं ढकलली गेली, पत्रिकेचं काम बसलं. हातात वेळ होता. त्या दोन महिन्यांत भाऊंनी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत कन्व्हर्टर लिहिला आणि एमआयटी परवान्याखाली खुला केला. कोणीही वापरा, बदला, विका, फक्त मूळ कर्त्याची नोंद ठेवा.

लिहायला दोन महिने लागले. सांभाळायला आता दहावं वर्ष चालू आहे.

पायथन २ चा आधार, म्हणजे मूळ कर्त्यांकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या, १ जानेवारी २०२० ला संपला. पायथन ३ मध्ये मजकूर साठवण्याची पद्धतच बदललेली, म्हणजे या कन्व्हर्टरच्या पोटालाच हात. सगळं नव्यानं तपासावं लागलं. ते लॉकडाऊनमध्ये झालं, कारण तेव्हाही लग्नं नव्हती. मग अडचण आली विंडोज ७ ची. मायक्रोसॉफ्टनं त्याचा आधार २०२० च्या जानेवारीतच काढला, पण दुकानदारांनी मशीन काढलं नाही. पायथन ३.९ विंडोज ७ वर चालतच नाही, म्हणून त्या दुकानांसाठी ३.८ वर वेगळी प्रत बांधायची आणि बाकीच्यांसाठी नवी. प्रत्येक दुरुस्ती दोनदा. यातलं काहीही वापरणाऱ्याला दिसत नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की काल चालत होतं आणि आजही चालतं.

सात ओळी

आता ‘आचार्यां’कडे येतो, कारण प्रकरणाचा सगळा पीळ तिथं आहे.

२०२२ च्या डिसेंबरात एका हिंदी वापरकर्त्यानं सात ओळींची सुधारणा पाठवली. हिंदीत ज़, फ़ यांच्याखाली टिंब असतो, नुक्ता. कोणी देतं, कोणी देत नाही, त्यामुळे शोधताना घोटाळा होतो. म्हणून अक्षरं सुटी करून नुक्ता गाळून टाकायचा, असा त्या ओळींचा अर्थ. हेतू चांगला, कोड स्वच्छ. पण युनिकोडच्या नियमानं मराठीतला ऱ सुटा केला की त्याचे दोन तुकडे पडतात: साधा र आणि खाली नुक्ता. नुक्ता गाळला की साधा र उरतो, आणि अर्ध्या र पुढं य आला की रफार डोक्यावर चढतो. दऱ्यांचा दर्या होतो, आचाऱ्याचा आचार्य.

भाऊंनी ती सुधारणा मेव्हणीच्या लग्नात, मांडवात बसून, मोबाइलवर मंजूर केली. त्या माणसानं तीन वेळा आठवण केली होती, आणि फुकट काम करणाऱ्या माणसाला ताटकळत ठेवणं भाऊंना बरं वाटेना. चाचण्या लिहिलेल्या नव्हत्या. असत्या तर ‘ऱ्या’ची पहिलीच चाचणी बोंबलली असती.

देखभाल म्हणजे बिघाड दुरुस्त करणं असं आपण समजतो. खरं काम हे असतं: दुसऱ्यानं प्रेमानं आणून दिलेल्या सात ओळी वाचायला अख्खी संध्याकाळ देणं आणि शेवटी कदाचित ‘नको’ म्हणणं. त्या संध्याकाळचे पैसे कोण देणार, हा या प्रकरणातला प्रश्न.

प्रश्न लातूरचा नाही. ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरवर जगभरातले बँकव्यवहार चालतात, आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यात हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं, तोवर त्या प्रकल्पाला वर्षाला देणग्या मिळत होत्या साधारण २,००० डॉलर. २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजे या, प्रोग्रामच्या नोंदी ठेवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तसंच झालं. ते सांभाळणारे स्वयंसेवक आपापली नोकरी करून रात्री दुरुस्ती करत होते, आणि वर शिव्याही खात होते.

पंखे

पैशाचा पहिला प्रयत्न २०२१ चा. पेजवर यूपीआयचा क्यूआर कोड लावला, खाली ‘चहा पाजा’. पहिल्या महिन्यात २,९१४ रुपये आले, ५१ आणि १०१ चे, आहेरासारखे. पुढच्या अकरा महिन्यांत मिळून १,७०३. गंमत म्हणजे ‘आचार्य’ प्रकरणाच्या आठवड्यात रागाचे फोन सतरा आले आणि चहा एक.

दुसरा प्रयत्न आपणहून चालत आला. परदेशात स्थायिक झालेल्या, मूळ आपल्याच भागातल्या एका गृहस्थांनी मोबाइल ॲपसाठी ७५,००० रुपये देऊ केले. अट एकच, ॲप उघडल्यावर त्यांच्या वडिलांचं नाव दिसावं. भाऊंनी घेतले. ॲप झालं, नाव झळकलं. पण गूगल प्ले दरवर्षी नव्या अँड्रॉइडशी जुळवून घ्यायला लावतं, नाही घेतलं तर नव्या फोनवाल्यांना ॲप सापडेनासं होतं. दुसऱ्या वर्षी तसंच झालं. गृहस्थांचा फोन आला, वडिलांचं नाव दिसत नाही म्हणून.

आमच्याकडच्या कुठल्याही मंदिरात वर बघा. प्रत्येक पंख्याच्या पात्यावर नाव असतं, अमुक यांच्या स्मरणार्थ. लाइटबिलावर कोणाच्या स्मरणार्थ लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. पंखा देणारे बारा जण भेटतात, आणि पंखे जितके जास्त तितकं बिल जास्त. त्या ७५,००० रुपयांनी भाऊंचं काम कमी झालं नाही, वाढलं. ॲप आम्ही शेवटी बंद केलं. त्या गृहस्थांना ते कसं कळवलं हे इथं लिहीत नाही, अजून बोलणं होतं आमचं.

मोठ्या अनुदानांचाही विचार झाला. झिरोधा या शेअर दलाल कंपनीनं २०२४ च्या ऑक्टोबरात ओपन सोर्ससाठी फ्लॉस फंड जाहीर केला, वर्षाला १० लाख डॉलर, एकेका प्रकल्पाला १०,००० ते १,००,००० डॉलर. आपल्या देशातून असं काही निघालं याचा आनंद झाला. पण तो निधी जगभर पायाभूत ठरलेल्या प्रकल्पांसाठी, आणि आमचा पाया म्हणजे लातूर, नांदेड, परभणी, बीडची डीटीपीची दुकानं. भाऊंचं म्हणणं वेगळंच होतं. ‘‘आठ लाख आले तर मी वर्षभर नोकरी सोडीन. पुढच्या वर्षी काय करू?’’ अर्ज केला नाही. सीएसआरची, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीची, वाट मीच बंद केली. त्यासाठी आधी ट्रस्ट किंवा कलम ८ ची ना-नफा कंपनी, मग सीएसआर-१ चा फॉर्म, दरवर्षी ऑडिट. म्हणजे कन्व्हर्टर सांभाळायला संस्था, आणि संस्था सांभाळायला परत भाऊ.

बिल द्या की

वाट दाखवली ती उदगीरच्या एका दुकानदारानं. त्याच्याकडे पत्रिका, फ्लेक्स, झेरॉक्स सगळं आहे. भाऊ त्याला म्हणाले, वर्षाला काहीतरी देत जा. तो म्हणाला, ‘‘द्यायला काय, देतो की. पण देणगी म्हणून कुठं लिहू? झेरॉक्स मशीनची एएमसी भरतो, इन्व्हर्टरची भरतो. तुमीबी बिल द्या की.’’

हे ऐकून मला माझीच लाज वाटली, कारण हा माझ्या धंद्यातला मुद्दा. दुकानदाराच्या वहीत देणगीला खातं नसतं. असलं तर गणपती, सप्ताह, गावची यात्रा यांनी ते आधीच भरलेलं असतं. ‘दुरुस्ती व देखभाल’ हे खातं मात्र प्रत्येक वहीत असतं, खर्च वजाही जातो. आम्ही दोन वर्षं चुकीच्या खात्यातून पैसे मागत होतो.

मग वार्षिक देखभाल करार, म्हणजे एएमसीच, ठरला. दुकानाला १,२०० रुपये, छापखाना किंवा साप्ताहिकाला ५,०००. सॉफ्टवेअर सगळ्यांना मोफतच, कोड उघडाच. बिल भरणाऱ्याला तीन गोष्टी: फोन केला तर दोन दिवसांत उत्तर, विंडोज ७ ची प्रत तयार करून, आणि नवी आवृत्ती येण्याआधी त्याच्या दुकानातल्या दोन-चार फाइलींवर चाचणी. तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त खपली. ‘आचार्य’ सगळ्यांच्या लक्षात होते.

करार एकाच वर्षाचा असावा, दोन्ही बाजूंनी सोडता यावा, यावर भाऊ अडून बसले. मला ते धंद्याच्या दृष्टीनं चुकीचं वाटलं. तीन वर्षांचा करून थोडी सूट देऊ म्हटलं. तेव्हा त्यांनी आजोबांची गोष्ट काढली. आजोबा गावचे सुतार. वर्षभर सगळ्यांची औतं दुरुस्त करायची, दर खेपेला पैसे नाहीत, सुगीला खळ्यावर बलुतं. एका अर्थानं एएमसीच. पण ते सोडता येत नव्हतं. जातीनं काम ठरलेलं, खळ्यावर पेंढ्या कमी पडल्या तरी बोलायची सोय नाही, उलट बोलणीच खायची. ‘‘बलुत्यातलं वर्षाचं ठरलेलं येणं मला पायजे,’’ भाऊ म्हणाले, ‘‘बांधलेपण नको.’’ करार एका वर्षाचाच राहिला. फुकट काम करणाऱ्या प्रोग्रामरकडे लोक हक्कानं मागतात तेव्हा त्यांच्या डोक्यात नेमकं कुठलं नातं असतं, हा विचार मला त्यानंतर बरेचदा आला.

पहिली बिलं आम्ही २०२३ च्या जुलैत पाठवली आणि तोंडावर पडलो. जुलैत आमच्याकडे पैसा जमिनीत असतो, बी-खतात. लग्नं नाहीत, जाहिराती नाहीत, साप्ताहिकवाल्यांची स्वतःचीच वसुली अडकलेली. चाळीस बिलांतली सहा भरली गेली. डिसेंबरात तीच बिलं पुन्हा काढली. सोयाबीन विकून झालेलं, तुळशीचं लग्न झाल्यामुळे पत्रिकांचं काम सुरू झालेलं. आधीचे सहा धरून ३१ दुकानं आणि ४ छापखान्यांनी भरली. मजकूर एका शब्दानंही बदलला नव्हता.

पुण्याची कंपनी

राहिली एक कंपनी. तिचं नाव घेत नाही. ती आमचा कन्व्हर्टर आपल्या कागदपत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून ऑफिसांना विकते. एमआयटी परवान्यात ते चालतं, आणि कर्त्याची नोंदही त्यांनी ठेवली होती, त्यामुळे तक्रार नाही. तक्रार भाषेची. ‘आचार्य’ प्रकरणात त्यांचा मेल आला, विषयात ‘तातडीचे’, आत ‘आमचा ग्राहक खोळंबला आहे, आजच्या आज दुरुस्ती अपेक्षित’. सात वर्षांतला तो त्यांचा पहिला मेल.

भाऊ संतापले. मला त्या मेलमध्ये गिऱ्हाईक दिसलं. दुरुस्ती झाल्यावर लगेच नाही, वर्षभरानं, शांतपणे कोटेशन पाठवलं: वर्षाला ६०,०००, सोबत दुकानांच्या कराराचीच अटींची यादी. त्यांचा प्रोग्रामर तयार होता, अकाउंट्स विभागानं व्हेंडर नोंदणीचे फॉर्म पाठवले. जीएसटी नंबर मागितला. सेवांना वीस लाखांपर्यंत तो लागत नाही, तसं पत्र दिलं. भाऊंची उद्यम नोंदणी मी आधीच करून ठेवली होती, ती ऑनलाइन फुकट होते. तिचा उपयोग असा, की २०२३-२४ पासून सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल करार असेल तर ४५ दिवसांत चुकतं केलं नाही, तर घेणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजा मिळतो. बिलावर उद्यमचा नंबर ठळक टाकला. २०२४ च्या मार्चअखेर, चाळिसाव्या दिवशी, पैसे जमा.

तेव्हा पहिल्या वर्षाची वही अशी: जमा १,१७,२०० रुपये. त्यातून बीसीएच्या एका विद्यार्थिनीला महिना ४,००० प्रमाणे ४८,०००, ती फक्त चाचण्या लिहिते. जुनं विंडोज ७ चं मशीन ६,५००. डोमेन आणि होस्टिंग ३,०००. भाऊंना उरले ५९,७००. त्यांनी तासांची नोंद ठेवली होती, ५१२ तास. म्हणजे तासाला साधारण ११७ रुपये. हा आकडा मी त्यांना दाखवला तेव्हा ते हसले. घरी वहिनींना दाखवला तेव्हा त्या हसल्या नाहीत.

त्याच मार्चअखेरच्या आठवड्यात एक्सझेडची बातमी आली. फाइली दाबून लहान करणारं ते छोटं सॉफ्टवेअर, एकटा माणूस सांभाळणारा, थकलेला. एक मदतनीस दोन-अडीच वर्षं गोड बोलून, काम करून विश्वास मिळवतो, किल्ल्या हातात येतात, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवतो. मायक्रोसॉफ्टच्या एका इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा संशय आला म्हणून सापडलं. आमच्याकडेही नेमकं तेव्हाच विद्यार्थिनीला कोड थेट घालायचा अधिकार द्यायचा की नाही हे चाललं होतं. ती वाचून आली होती. म्हणाली, ‘‘सर, मला इतक्यात देऊ नका. दोघांनी बघितल्याशिवाय काही आत जायचं नाही, असं ठेवा. तुमचंही.’’ तेव्हापासून भाऊंचा कोड ती तपासते. तिला महिन्याला मिळणाऱ्या पैशांतले निम्मे मी याच कामाचे धरतो, भाऊ मान्य करत नाहीत.

दुसऱ्या वर्षी ३१ पैकी २४ दुकानांनी करार पुढं चालवला, नवी ९ आली, छापखाने ५ झाले, कंपनी राहिली. १,२४,६००. सोडून गेलेल्या सातांपैकी दोघांनी दुकानच बंद केलं. बाकीचे कन्व्हर्टर फुकट वापरतात आणि अजून फोनही करतात. भाऊ उचलतात. मी उचलू नका म्हणतो.

आता तिसऱ्या वर्षाची बिलं काढायची आहेत, आणि पायथन ३.८ चाही आधार २०२४ च्या ऑक्टोबरात संपून गेलेला आहे. विंडोज ७ ची प्रत बांधायला विद्यार्थिनीच्या नोंदीप्रमाणे महिन्याला चार तास जातात. करारातली नऊ दुकानं त्यावर आहेत. भाऊंनी पत्राचा मसुदा केला, ही प्रत पुढच्या डिसेंबरपासून बंद. मसुदा पहिल्यांदा उदगीरच्याच दुकानदाराला वाचून दाखवला. तो म्हणाला, ‘‘माझं पेजमेकर त्या मशीनवरच चालतंय. १,२०० चे २,४०० घ्या, पण ते बंद करू नका.’’ नऊ दुकानांचे दुप्पट धरले तर वरचे १०,८०० होतात. अठ्ठेचाळीस तासांना ते पुरतात का, आणि पुरले तरी आधार संपलेल्या पायथनवर चाललेली प्रत आपल्या नावानं द्यायची का, यावर तिघांची तीन मतं आहेत. रविवारी सकाळी लॅबमध्ये बसायचं ठरलंय.